भांड्याला भांडं

आईने आधी दुधाचं पातेलं घेतलं.
मग ठेवून दिलं. म्हणाली, याचा आवाज बसका आहे.
मग मोठं स्टीलचं, तैवानचं,
पाच पेसोंना दोन, वर झारा फुकट,
ते उचलून टिचकी मारली, कानाशी नेलं,
बाजारात कलिंगड पारखते तसं.

रोसारिओत डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा.
नदीवरून येणारी हवासुद्धा उकडलेली.
बँकेच्या काचांना पत्रे ठोकून सोळा दिवस झाले होते.
आत आमचे चार हजार दोनशे पेसो
आणि समोरच्या एल्विराबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन.
टीव्हीवर मंत्री म्हणाले, तुमचे पैसे सुरक्षित आहेत.
आई म्हणाली, कोठडीतला माणूसही सुरक्षितच असतो.

पहिला आवाज आमचा नव्हता.
तो तिसऱ्या मजल्यावरच्या विधुर दंतवैद्याचा.
हा गृहस्थ जिन्यात खोकायचासुद्धा रुमालात.
ठण्.
मग थांबून, माफी मागितल्यासारखं,
पुन्हा ठण्.
मग कोपऱ्यावरची बेकरी, तिच्या वरची बाल्कनी,
मग कुणाचं काय ते कळेना.
भांड्याला भांडं लागायचंच, असं म्हणत
आईने आमच्या घरातली सगळी भांडणं मिटवली होती.
त्या रात्री ती स्वतःच
झारा घेऊन उभी, केस मोकळे, पायात चपला नाहीत.

बाबा खुर्चीतून उठले नाहीत.
एउसेबिओ बार्सोला, एनॅमलच्या भट्टीवर एकवीस वर्षं,
बुडाशी निळ्या बगळ्याचा शिक्का असलेली भांडी.
कारखाना बंद झाला तेव्हा फाटकावर नोटीस होती इंग्रजीत,
खाली तिचं स्पॅनिश, त्यात दोन चुका.
बाबांनी खिशातल्या पेन्सिलीने त्या दुरुस्त केल्या
आणि घरी आले.
तेव्हापासून बोलायचे ते चिमटीने, मीठ टाकावं तसं.

आणि खरं सांगायचं तर
ती वर्षं आम्हाला आवडली होती.
एका पेसोला एक डॉलर!
मी कोरियाचा टेपरेकॉर्डर घेतला, दादाने ब्राझीलचे बूट,
आई तैवानची भांडी घेऊन आली, गात गात,
आणि बगळ्याची जड भांडी कपाटावर गेली.
स्टूल बाबांनीच धरलं होतं.
कुणी काही बोललं नाही.
स्वस्त होतं.

साडेदहाला टीव्हीवर जाहीर झालं:
आजपासून जमाव बेकायदेशीर.
बाबांनी टीव्ही बंद केला.
स्टूल ओढलं. यावेळी मी धरलं.
बगळा खाली आला, बनियनने पुसला गेला,
आणि ठोकायला त्यांनी काढलं लॉकरचं कुलूप,
जे कारखान्याला परत द्यायचं राहून गेलं होतं.
कुठे ठोकलं की वाजतं हे त्यांना माहीत होतं.
तपासणीला ते असंच ठोकून बघायचे,
चिरलेलं भांडं लगेच बोलतं म्हणायचे.

टवके उडत होते. पांढरे, निळे,
खाली रस्त्यावर, एल्विराबाईंच्या सुकत घातलेल्या चादरीवर.
दादाचा फोन आला, स्पेनहून, विगो बंदरातून,
जिथून आजोबा बोटीत बसले होते.
कसला आवाज येतोय?
आई म्हणाली, तुझे बाबा बोलतायत. ऐक.
आणि रिसीव्हर कठड्यावर ठेवून दिला.

पुढचं तुम्ही पेपरात वाचलं असेल.
सरकार गेलं. आणखी एक आलं, तेही गेलं.
मधल्या दोन दिवसांत माणसं मेली, त्यांतलं एक
आमच्या बेकरीत ट्रे धुणारं पोर होतं, फाबियान.
भांड्यांनी हे केलं, असं म्हणणारे म्हणतात.
मला माहीत नाही.

तैवानच्या भांड्याला पोचासुद्धा आलेला नाही.
त्यात मी अजून शेवया उकळते.
बगळ्याला जागोजागी गंज चढलाय, त्यात काही शिजत नाही,
तरी आई ते शेगडीवरच ठेवते, झाकण लावून.

बँकेने शेवटी पैसे दिले, तिनातला एक.
गुडघा राहिला.
एल्विराबाई अजून जिना आडव्या उतरतात,
लोखंडी कठडा धरून, एकेक पायरी,
आणि त्यांची अंगठी त्यावर वाजते.
ठण्.
मग थांबून,
पुन्हा.